ठिपक्यांचं तिरकं देवनागरी अक्षर : ठिपके तांदळासारखे लांबट का होतात?

वैनगंगाकाठ (ब्रम्हपुरी तालुका)

राम राम मंडळी. दिवाळी झाली की इकडे मंडई अन् नाटकांचा हंगाम लागते. फ्लेक्सच्या मथळ्यासाठी बल्बच्या माळेसारखं, उजवीकडे झुकलेलं ठिपक्यांचं अक्षर करून राहिलो. काम तीन जागी आहे: १० × ८ फुटी फ्लेक्स, ए-५ पत्रक, अन् दुकानावरचा पी-१० एलईडी बोर्ड.

आतापर्यंत कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) तयार अक्षर घेतलं, आउटलाइनला ठिपक्यांची स्टाइल लावली अन् १० अंश स्क्यू केलं, म्हणजे ढकलून तिरकं केलं. त्यात हे घोळ दिसून राहिले:

ठिपके गोल न राहता तांदळाच्या दाण्यासारखे लांबट होतात. दोन अक्षरं जोडली की शिरोरेघेवरचे ठिपके कुठे चिकटतात, कुठे भोक पडते. 'मंडई' लिहिलं तं टिंबच सापडत नाही. आपल्याकडे 'मडई'ही म्हणतात म्हणून ते खपून जाईल, पण 'शंकरपट'चं 'शकरपट' झालं तं लोक हसतील ना. अन् आउटलाइनला ठिपके लावल्यामुळे अक्षराच्या दोन्ही कडांना ठिपके येतात, मले एकच माळ पाहिजे.

पूर्ण फॉन्ट करावा की मथळ्यापुरतं काम भागवावं? कोन किती घ्यावा? ठिपका केवढा?

काना_मात्रा

भाऊ, सगळ्या घोळाचं मूळ एकच आहे. तुम्ही मणी ओवून झाल्यावर दोरा तिरका करताय. आधी दोरा तिरका करा, मग मणी ओवा.

स्क्यू केल्यावर वर्तुळाचं काय होतं ते पाहा. १० अंशांचा स्क्यू म्हणजे प्रत्येक बिंदू त्याच्या उंचीच्या ०.१७६३ पट उजवीकडे सरकतो. ५६ एककं (अक्षराच्या चौकटीच्या उंचीचे १००० भाग केले की एक भाग म्हणजे एक एकक) व्यासाचा गोल ठिपका त्यात ६१ × ५१ चा लंबगोल होतो, म्हणजे रुंदीपेक्षा १९ टक्के लांब. त्यात गंमत अशी की हा लंबगोल १० अंशांत झुकलेला नसतो. त्याचा लांब अक्ष आडव्या रेघेपासून ४२ अंशांवर जातो. अक्षर एका कोनात आणि प्रत्येक ठिपका भलत्याच कोनात, म्हणून डोळ्याला खटकतं. १२ अंश घेतलेत तर हीच लांबी २४ टक्क्यांच्या घरात जाते.

काही जण सरळ अक्षरातल्या ठिपक्यांची केंद्रं तेवढी सरकवतात आणि ठिपके गोल ठेवतात. ठिपके गोल राहतात खरे, पण अंतरं बिघडतात. ८० एककांवर बसवलेले ठिपके '/' अशा चढत्या रेघेत ८७ वर जातात आणि '\' अशा उतरत्या रेघेत ७३ वर येतात. मधली मोकळी जागा एकीकडे ३१, दुसरीकडे १७. जवळजवळ दुप्पट फरक. 'र'ची खालची तंगडी दाट दिसते, ती याचमुळे. म्हणून तिरकं केल्यावर ठिपके नव्याने वाटायचे, याला पर्याय नाही.

पूर्ण फॉन्ट करायचा असेल तर मापं अशी धरा. चौकट १००० एककांची. अक्षराचा पाया ०, शिरोरेघेची मध्यरेघ ६४० वर. ठिपक्याचा व्यास ५६, केंद्रापासून केंद्राचं अंतर ८०. ६४० ला ८० ने भागलं की ८, म्हणजे काना ९ ठिपक्यांचा. १० अंश तिरका केल्यावर कान्याची लांबी ६५० होते आणि अंतर ८१. हा एका एककाचा फरक कुणाला दिसत नाही.

आता शिरोरेघ. देवनागरीच्या ठिपक्यांच्या फॉन्टचा जीव इथे आहे, आणि बहुतेक काम फसतं तेही इथेच. रोमनमध्ये प्रत्येक अक्षर सुटं असतं, आपल्याकडे माळ अक्षरागणिक पुढे चालते. म्हणून प्रत्येक अक्षराची रुंदी ८० च्या पटीत हवी: ४८०, ५६०, ६४०, ७२०. शिरोरेघेवरचा पहिला ठिपका डाव्या कडेपासून ४० वर, शेवटचा उजव्या कडेच्या ४० अलीकडे. असं केलं की कोणतंही अक्षर कोणत्याही अक्षराशेजारी आलं तरी मधलं अंतर ८० च. अर्ध्या अक्षरांनाही हाच नियम. कर्निंग (दोन अक्षरांमधलं अंतर कमी-जास्त करणं) द्यायचं तर ८० च्या पटीत द्या, नाहीतर देऊच नका. १०-२० एककांचं कर्निंग टाकलं की तिथेच दोन ठिपके चिकटतात.

काना शिरोरेघेला मिळतो तिथे दोघांचा ठिपका एकच असला पाहिजे. म्हणजे कान्याची जागाही ४०, १२०, २००, २८० अशाच खुणांवर. तिरकं करताना शिरोरेघेवरचं सगळं एकसारखं ११३ एककं सरकतं, त्यामुळे ही जुळणी मोडत नाही. त्याची काळजी नको.

ठिपके वाटायची पद्धत:

१. अक्षराची फक्त मध्यरेघ काढा, जाडी नको. पॉपिन्सचं सगळ्यात बारीक वजन अंगापिंडाने एकसारखं आहे, तेवढ्यावरून बघून काढता येतं.
२. मध्यरेघ १० अंश तिरकी करा.
३. जिथे दोन रेघा मिळतात तिथे आधी एकेक ठिपका ठोका. टोकांवरही ठोका.
४. दोन ठोकलेल्या ठिपक्यांमधली लांबी मोजा, ८० ने भागा, जवळचा पूर्ण आकडा घ्या आणि तेवढे समान भाग करा.

चौथ्या पायरीत अंतर ७४ ते ८८ च्या बाहेर गेलं तर ठिपक्यांशी झटू नका, अक्षराचं चित्रच बदला. समजा एक तुकडा २०० लांब आहे. दोन भाग केले तर अंतर १००, तीन केले तर ६७. दोन्ही वाईट. तो तुकडा १६० किंवा २४० करून घ्या. ठिपक्यांचा फॉन्ट काढताना अक्षर ठिपक्यांच्या सोयीने वाकवावं लागतं, उलटं होत नाही.

फॉन्टफोर्जमध्ये (फॉन्ट बनवायचं सॉफ्टवेअर) 'ठिपका' नावाचं एकच चिन्ह करा आणि बाकी सगळीकडे त्याचा रेफरन्स टाका, म्हणजे नक्कल न करता त्याच चिन्हाकडे बोट दाखवा. वाकडी रेघ बारीक तुकड्यांत मोडून त्यांच्या लांब्यांची बेरीज करत जायचं आणि ठरल्या लांबीवर रेफरन्स ठेवायचा, एवढी पायथन स्क्रिप्ट ४०-५० ओळींत होते. फायदा असा की उद्या ठिपका ५६ चा ५२ करायचा किंवा चौकोनी करायचा तर एका जागी बदल. ४०० चिन्हं आणि प्रत्येकी ४० ठिपके धरले तर १६,००० ठिपके होतात. ट्रूटाइपमध्ये एका रेफरन्सला ८ बाइट लागतात, म्हणजे सगळे मिळून सव्वाशे केबीच्या आसपास. प्रत्येक ठिपका सुटा काढलात तर फाइल याच्या कितीतरी पट फुगते. ऑटोहिंट (स्क्रीनच्या पिक्सेलांवर अक्षर आपोआप बसवणं) बंद ठेवा, नाहीतर स्क्रीनवर काही ठिपके मोठे आणि काही बारके दिसतात.

बोरू_आणि_शाई

वरचं गणित बरोबर आहे. वाचायच्या बाजूने चार गोष्टी सांगते.

टिंब. ज्या फॉन्टात सगळंच ठिपक्यांचं, तिथे अनुस्वार हरवणारच. त्याला माळेतला मणी समजू नका, माळेचं पदक समजा. ठिपका ५६ चा तर टिंब ९६ चं, साधारण पावणेदोन पट. केंद्र ७९० उंचीवर ठेवलं की शिरोरेघेच्या ठिपक्यापासून ७४ एककं मोकळी राहतात, म्हणजे दोन ठिपक्यांमधल्या नेहमीच्या २४ च्या (८० वजा ५६) तिप्पट. आकार आणि अंतर दोन्ही लागतं. नुसतं मोठं केलं आणि जवळ ठेवलं तर शिरोरेघेला गाठ आल्यासारखं दिसतं. हवं तर टिंब चौकट आकाराचं, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखं करा. ते लांबूनही ओळखू येतं. विसर्ग आणि पूर्णविरामालाही तोच आकार द्या.

फॉन्टमध्ये टिंब अँकरवर, म्हणजे चिन्ह जोडायच्या खुणेवर, बसतं. अक्षराचा अँकर आणि टिंबाचा अँकर, दोन्ही तिरके करा किंवा दोन्ही सरळ ठेवा. एकच तिरका झाला तर टिंब ११३ एककं बाजूला, म्हणजे जवळजवळ दीड ठिपका सरकून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतं.

दुसरं, ध आणि घ. 'ध', 'भ', 'थ' यांची शिरोरेघ तुटलेली असते. पण ठिपक्यांची रेघ मुळातच तुटक! तिथे एकच ठिपका गाळलात तर १०४ एककांची फट पडते आणि ती वाचणाऱ्याला चुकून गळालेला ठिपका वाटते. दोन गाळा, फट १८४ ची होऊ द्या, आणि 'ध'ची वरची गाठ ठसठशीत करा. नाहीतर 'धान खरेदी'चं 'घान खरेदी' होईल, आणि धानाच्या मुलखात ते फार दिवस लक्षात राहील. 'भ' आणि 'म'चंही असंच.

तिसरं, गाठी. 'ळ', 'क', 'व', 'ब' यांच्या पोटात किमान ७ ठिपके हवेत. पाच ठिपक्यांचं वर्तुळ केलं की फूल दिसतं, रांगोळीतलं. ७ ठिपक्यांच्या गाठीला मध्यरेघेपासून मध्यरेघेपर्यंत १८४ एककं लागतात. 'ळ'ला अशा दोन, म्हणून 'ळ' रुंद होतो. होऊ द्या.

अरुंद कोनही सांभाळा. दोन रेघा ५२ अंशांपेक्षा कमी कोनात मिळाल्या की सांध्यापासून पहिले दोन ठिपके एकमेकांना खेटतात. ४१ अंशांच्या खाली तर एकमेकांवर चढतात. तिथे एका रेघेचा पहिला ठिपका गाळायचा. कोणत्या रेघेचा? जी त्या अक्षरात दुय्यम आहे तिचा. 'क्ष' आणि 'झ'मध्ये हे दोन-तीनदा करावं लागतं. स्क्रिप्ट हे ठरवू शकत नाही, डोळ्यानेच करायचं.

तिरकेपणाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. इटालिक, म्हणजे तिरकं अक्षर, ही रोमन लिपीतली चीज. व्हेनिसमध्ये आल्दुस मनुतियुसने १५०१ पासून त्या टाइपात पुस्तकं छापली, टाइप कापणारा फ्रांचेस्को ग्रिफो. ते सरळ अक्षर ढकलून तिरकं केलेलं नव्हतं, त्या काळच्या पळत्या हस्ताक्षरावरून घेतलं होतं. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी गोष्ट मोडी आहे. देवनागरी नुसती झुकवली की ती मोडी होत नाही, फक्त झुकते. म्हणून झुकाव कमी ठेवा. ८ अंशही पुरतात. शिरोरेघ आडवीच राहते आणि तिच्यापुढे काने झुकलेले पटकन डोळ्यात भरतात. रोमनइतका कोन लागत नाही. १५ अंशांवर तर अख्खी ओळ कोसळतेय असं वाटतं.

मराठी 'ल' आणि 'श' काढा, हिंदी वळणाचे नकोत. 'दऱ्या', 'वाऱ्या'तला ऱ्य विसरू नका. त्याची ती आडवी कोयरी तीन ठिपक्यांत बसत नाही, चार लागतात.

वैनगंगाकाठ

ताई, 'घान खरेदी' वाचून चहा सांडला. आकडे लिहून घेतले. पण सध्या तं एकाच मथळ्याची घाई आहे. फॉन्ट नंतर करतो. कोरलमध्ये एका मथळ्यापुरतं कसं करू? अन् फ्लेक्सवर मागे नटमंडळींचे फोटो असतात, त्यावर ठिपके दिसतील का?

कटिंग_मास्टर

कोरलमध्ये असं करा.

मथळा बारीक फॉन्टात टाइप करून लॉक करा. त्यावर बेझिअरने प्रत्येक रेघेची मध्यरेघ काढा, प्रत्येक रेघ वेगळा पाथ. सगळे पाथ निवडून ट्रान्सफॉर्म डॉकरमधून १० अंश स्क्यू द्या. उजवीकडे झुकलं का बघा, नाहीतर चिन्ह उलटं करा. मापं वर दिलेल्या प्रमाणातच धरा: शिरोरेघ ते पाया ६४, ठिपका ५.६, अंतर ८.

मग दोन गोल काढा, ब्लेंड टूलने जोडा, 'न्यू पाथ' घेऊन मध्यरेघेवर क्लिक करा. आधी स्टेप्सऐवजी स्पेसिंग निवडून अंतर ८ टाका, म्हणजे त्या रेघेत किती ठिपके मावतात ते कळतं. मग परत स्टेप्सवर या, 'ब्लेंड अलाँग फुल पाथ'वर खूण करा आणि आकडा टाका. लक्षात ठेवा, स्टेप्स म्हणजे मधले ठिपके. ९ ठिपके हवे तर ७ लिहायचे. बंद गाठीत पहिला आणि शेवटचा ठिपका एकावर एक येतात, एक उडवा. शेवटी ब्रेक अपार्ट करून मध्यरेघ पुसा आणि सांध्यावर दोन रेघांचे दोन ठिपके आले असतील तर एक काढा. एकावर एक ठिपके छपाईत कळत नाहीत, पण कटिंगला दिलं की ब्लेड तिथे दोनदा फिरते आणि खालचा कागदही कापते.

इलस्ट्रेटर असेल तर सोपं. मध्यरेघेला स्ट्रोक द्या, राउंड कॅप, डॅश ०, गॅप ८, आणि कोपऱ्यांना व टोकांना डॅश जुळवणारं बटण दाबा. डॅश शून्य आणि टोक गोल असलं की पक्का गोल ठिपका मिळतो, स्ट्रोकच्या जाडीएवढा. टिंब मात्र हाताने.

फोटोवर नुसते ठिपके टाकू नका. फटींतून चेहरे, साड्यांचे रंग, जे असेल ते डोकावतं आणि रेघ तुटते. त्याच मध्यरेघेला ठिपक्याच्या पावणेदोन पट जाडीचा गडद पट्टा द्या, गोल टोकांचा, गडद लाल किंवा काळा. त्यावर पिवळे ठिपके. ५६ च्या ठिपक्याला १०० चा पट्टा. म्हणजे लांबून पट्टा वाचला जातो, जवळून बल्ब दिसतात. प्रत्येक ठिपक्यात वर-डावीकडे ठिपक्याच्या पावपट व्यासाचा पांढरा थेंब टाकला की तो पेटलेला वाटतो. थेंब सगळ्यांत एकाच बाजूला हवा. पांढरा थेंब टाकून मग स्क्यू केलं तर परत तांदूळ.

मापाचा अंदाज: शिरोरेघेपासून पायापर्यंत १ फूट घेतलंत तर ठिपका सुमारे २७ मिमी आणि फट ११ मिमी. ३५-४० मीटरवरून ती फट डोळ्याला दिसेनाशी होते आणि अक्षर सलग वाटतं. रस्त्यावरून वाचणाऱ्याला हेच पाहिजे.

पत्रकावर शिरोरेघ ते पाया २० मिमी धरलं, म्हणजे टाइप ८८ पॉइंटच्या आसपास, तर ठिपका १.७५ मिमी आणि फट पाऊण मिमी. चालतं. ३६ पॉइंटला फट ०.३ मिमी उरते. रंगीत पत्रकाच्या स्वस्त कागदावर शाई पसरून ती भरते. त्याखाली हा टाइप वापरूच नका. कलाकारांची नावं, तिकीट दर, स्थळ, वेळ सगळं साध्या अक्षरात. काळ्यावर पांढरे ठिपके काढायचे असतील तर चारही बाजूंनी शाई आत येते आणि ठिपके बारके होतात, म्हणून व्यास ५६ चा ६० करा. पांढऱ्यावर काळे असतील तर ५२.

व्हिनाइल कटिंग २ इंचाखाली नको. त्या मापाला ठिपका ४.४ मिमीचा येतो. त्याहून बारका ठिपका कचरा (भोवतीचं नको असलेलं व्हिनाइल) सोलताना सोबत उचलला जातो. गोल जिथे सुरू होतो तिथेच बंद झाला नाही तर एक कोपरा चिकटून राहतो, त्यासाठी ओव्हरकट (ब्लेड सुरुवातीच्या बिंदूपुढेही थोडं कापतं ते) अर्धा ते एक मिमी ठेवा. लावताना ट्रान्सफर टेप पाहिजेच. एका अक्षराला ३० ते ४५ ठिपके, सहा अक्षरांत दोनशेच्या वर. हाताने एकेक लावणार का?

सोळा_ओळी

पी-१० ची गोष्ट वेगळी आहे, वरचे आकडे तिथे विसरा. एका मॉड्यूलवर ३२ × १६ दिवे, दिव्यापासून दिव्याचं अंतर १० मिमी, मॉड्यूल ३२० × १६० मिमी. ठिपके कुठे बसायचे ते बोर्डानेच ठरवलंय. मध्येमध्ये दिवे विझवून 'ठिपक्यांचं' दाखवायला जाऊ नका, अक्षर मरतं.

सोळा ओळी अशा वाटा: वरच्या ४ मात्रा, वेलांटी, टिंबासाठी, १ शिरोरेघ, ८ अक्षराचं अंग, खालच्या ३ उकारासाठी. तिरकेपणा १० अंश वगैरे जमत नाही, कारण अर्धा दिवा सरकत नाही. दर ४ ओळींना १ दिवा उजवीकडे, म्हणजे १४ अंश. खालच्या चार ओळी जागेवर, पुढच्या चार १ ने, त्यावरच्या २ ने, सगळ्यात वरच्या ३ ने. कान्यात पायऱ्या दिसतात. त्या जवळून खटकतात, रस्त्यापलीकडून नाही. सरकत्या मजकुरात तर मुळीच नाही. दर ३ ओळींना १ केलं तर १८ अंश होतात आणि 'प' 'ष' सारखे दिसायला लागतात.

टिंब २ × २ दिव्यांचं करा आणि शिरोरेघेच्या वर एक ओळ मोकळी सोडा. एका दिव्याचं टिंब आणि मात्रेचं टोक यांत फरक कळत नाही. चार मॉड्यूल लावले असतील तर १२८ × १६ चं एकरंगी बीएमपी चित्र काढून सॉफ्टवेअरमध्ये टाका. फॉन्ट म्हणून टाइप करायला गेलात तर जोडाक्षरं सुटी पडायची शक्यता जास्त.

बोरू_आणि_शाई

@सोळा_ओळी, १४ अंश मला जास्तच वाटतात, पण दिवा अर्धा होत नाही हे खरं. दर ८ ओळींना १ घेतलं तर ७ अंश. पायरी एकच येते, शिरोरेघेच्या जरा खाली. तीही करून बघण्यासारखी.

सोळा_ओळी

केली तर ती तिरकी वाटत नाही ताई, बोर्ड बिघडल्यासारखी वाटते. एकच पायरी असली की डोळा तिला चूक समजतो. दोन-तीन असल्या की चाल समजतो.

काना_मात्रा

फॉन्ट करायला घ्याल तेव्हासाठी दोन राहिलेल्या गोष्टी.

फाइलवर ती तिरकी आहे ही नोंद करा. इटालिक अँगल उणे १० लिहायचा, उजवीकडचा झुकाव तिथे उणे धरतात. स्टाइलचं नाव 'इटालिक' ठेवा आणि तशी खूण फॉन्टफाइलमधल्या दोन्ही तक्त्यांत, ओएस/२ आणि हेडमध्ये, लावा. 'रेग्युलर' म्हणून सोडलीत तर कुणीतरी वर्डमध्ये आय (इटालिकचं बटण) दाबणार, प्रोग्राम स्वतःच्या मनाने आणखी झुकवणार, आणि एवढ्या कष्टाने गोल ठेवलेले ठिपके परत तांदूळ होणार.

दुसरं परवान्याचं. मुक्त, बालू, पॉपिन्स हे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. फ्लेक्सवर, पत्रकावर वापरायला आणि त्याचे पैसे घ्यायला पूर्ण मोकळीक. पण त्यांच्या रेघांवरून नवा फॉन्ट बनवून वाटायचा असेल तर तोही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो, नुसता फॉन्ट विकता येत नाही, आणि मूळ नाव राखीव असेल तर ते नाव वापरता येत नाही. विकतच्या फॉन्टवरून गिरवायचं तर त्याच्या परवान्यात परवानगी आहे का ते आधी बघा. स्वतःच्या हाताने मध्यरेघ काढली तर ही कटकटच नाही. तशीही ठिपक्यांसाठी निम्मी अक्षरं बदलावीच लागतात.

वैनगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. एकच अडकलं. मथळ्याखाली 'पंचवीस वर्षं' लिहायचं आहे. 'र्षं'वर रफार अन् टिंब दोन्ही आले तं ठिपक्यांचा नुसता गुच्छा होऊन राहिला.

बोरू_आणि_शाई

रफार चार ठिपक्यांचा करा, त्याहून जास्त नको. पहिला शिरोरेघेतलाच, कान्यावरचा. बाकीचे तीन उजवीकडे उघड्या कमानीत. टिंब त्या कमानीच्या पोटात बसवायला जाऊ नका, तिथे ९६ चं टिंब मावतच नाही. ते कमानीच्या टोकापलीकडे उजवीकडे ठेवा, रफाराच्या शेवटच्या ठिपक्यापासून फट किमान ५० ची. तिरकेपणामुळे ८६० उंचीवरचं सगळं शिरोरेघेपेक्षा आणखी ३९ एककं उजवीकडे जातं, ते धरून जागा ठरवा, नाहीतर टिंब पुढच्या अक्षरावर पडेल. तुमच्या मथळ्यात 'र्षं' शेवटी आहे, उजवीकडे मोकळं आहे, तेवढं बरं. फॉन्टमध्ये करताना रफार आणि टिंबाचं एकत्र चिन्ह वेगळं काढून ते एबीव्हीएस फीचरमधून (शिरोरेघेवरची चिन्हं बदलणारा फॉन्टमधला नियम) बदलून घ्या. अँकरवर सोडू नका.